२४० ऐवजी २० मिलिग्रॅम : अँटीबॉडी औषध शरीरातून किती वेगानं जातं, याचं गणित काय सांगतं?

कोल्हापूरहून रात्री महालक्ष्मी एक्सप्रेस सुटते, तेव्हा तिच्यात एक हातात फाइल आणि दुसऱ्या हातात डबा घेतलेले काही प्रवासी हमखास असतात. त्यांना मुंबईत परळला, टाटा मेमोरियल हॉस्पिटलला जायचं असतं. कुणाला तोंडाचा कॅन्सर असतो, कुणाला घशाचा. त्यातल्या काहींच्या फाइलमध्ये आता एक नवं नाव दिसतं : निव्होलुमॅब, आणि त्यापुढे मात्रा लिहिलेली असते २० मिलिग्रॅम.

घरातलं कुणीतरी मोबाइलवर शोधतं आणि दचकतं. कारण इंटरनेटवर याच औषधाची नेहमीची मात्रा दर दोन आठवड्यांनी २४० मिलिग्रॅम अशी सापडते. मग फॅमिली ग्रुपवर प्रश्न येतो, "आपल्याला स्वस्तातलं, अर्धवट औषध देतायत का?"

या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं एका शब्दात देता येतं, पण तेवढ्यानं समाधान होत नाही. पूर्ण उत्तरासाठी अँटीबॉडी औषध शरीरातून बाहेर कसं पडतं आणि त्याचा वेग गणितानं कसा मांडतात, हे समजून घ्यावं लागतं. हे गणित दहावीपर्यंतच्या गुणाकार-भागाकाराचंच आहे.

अँटीबॉडी औषध म्हणजे काय?

अँटीबॉडी, म्हणजे प्रतिपिंडं, आपलं शरीर स्वतःच तयार करतं. इंग्रजी वाय अक्षरासारखा आकार असलेली ही प्रथिनं एखाद्या ठरावीक लक्ष्यालाच जाऊन चिकटतात. तशीच अँटीबॉडी कारखान्यात बनवून औषध म्हणून दिली, की तिला मोनोक्लोनल अँटीबॉडी म्हणतात. औषधाच्या नावाच्या शेवटी 'मॅब' असेल तर ते बहुधा याच कुळातलं असतं.

ही औषधं आपल्यापासून फार लांब नाहीत. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनं रेबीजविरुद्धची रॅबिशिल्ड ही मोनोक्लोनल अँटीबॉडी २०१७ मध्ये भारतात आणली. त्याआधी कुत्रा चावल्यावर जखमेत घोड्याच्या किंवा माणसाच्या रक्तातून काढलेलं सीरम टोचायचे. ते आजही वापरलं जातं.

घोड्याच्या रक्तापासून औषध बनवण्याचं काम तर आपल्या शेजारीच चालतं. नागपंचमीमुळे ओळखल्या जाणाऱ्या बत्तीस शिराळ्याच्या भागात आयसेरा बायोलॉजिकल ही कंपनी सर्पदंशासारख्या आजारांवरची अँटिसेरा बनवते. २०२१ मध्ये घोड्याच्या अँटीबॉडीपासून कोविडवर औषध करण्याच्या प्रयत्नामुळे 'कोल्हापूरची कंपनी' म्हणून तिचं नाव देशभरच्या बातम्यांत आलं होतं.

साधी गोळी आणि अँटीबॉडी यांच्यात फरक काय?

पॅरासिटामॉलची गोळी घेतली की काही तासांत तिचा असर संपतो. असे छोटे रेणू यकृत मोडतं आणि मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं.

अँटीबॉडीचा रेणू मात्र पॅरासिटामॉलच्या रेणूच्या सुमारे हजारपट जड असतो. मूत्रपिंडाच्या चाळणीतून तो जात नाही. पोटात गेला तर जेवणातल्या प्रथिनासारखा पचून जाईल, म्हणून ही औषधं सलाइनमधून किंवा इंजेक्शननं देतात.

मग ती शरीरातून जातात कशी? आपल्या पेशी आजूबाजूचा द्रव सतत थोडा थोडा आत ओढत असतात. त्या द्रवाबरोबर अँटीबॉडीही आत जाते. आत गेलेल्या प्रथिनांचे तुकडे होतात आणि त्यांतली अमिनो आम्लं शरीर पुन्हा वापरतं. थोडक्यात, अँटीबॉडी शरीरातच 'पचते'.

पण इथे एक बचावपथक असतं. पेशीच्या आत एफसीआरएन नावाचा रिसेप्टर असतो. पेशीतल्या आम्लधर्मी पिशवीत तो अँटीबॉडीचं शेपूट पकडतो आणि तिला सुखरूप परत रक्तात सोडतो. ज्यांना तो पकडू शकत नाही, ती प्रथिनं मोडली जातात. असा कुणीतरी रक्षक असावा, असा तर्क ब्रिटिश शास्त्रज्ञ ब्रॅम्बेल यांनी १९६० च्या दशकात मांडला होता. प्रत्यक्ष रेणू नंतर सापडला.

या रक्षकामुळेच आपल्या शरीरातली आयजीजी प्रकारची अँटीबॉडी अर्धी व्हायला साधारण तीन आठवडे लागतात.

पंचगंगेचा पूर आणि औषधाचा आलेख

२०१९ आणि २०२१ चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला हे गणित लगेच कळेल. त्या दिवसांत सगळ्यांचं लक्ष एकाच आकड्यावर असतं : राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फुटांवर इशारा, ४३ फुटांवर धोका.

समजा, धरणातून एकदम पाणी सुटलं. नदीची पातळी झपकन वाढते. मग पाणी पात्राबाहेर शेतात, रस्त्यांवर, गावांत पसरतं. पाऊस थांबला की नदी पुढे वाहत राहते आणि पातळी उतरू लागते. पण एका मर्यादेनंतर ती अगदी सावकाश उतरते, कारण शेतात पसरलेलं पाणी हळूहळू पुन्हा नदीत येत असतं.

अँटीबॉडीचंही असंच होतं. सलाइनमधून दिल्यावर रक्तातलं प्रमाण एकदम वर जातं. पहिले काही दिवस ते वेगानं खाली येतं, कारण औषध रक्तातून ऊतींमध्ये पसरत असतं. नंतर ते संथपणे उतरतं. गणितात याला दोन कप्प्यांचं मॉडेल म्हणतात. एक कप्पा रक्ताचा, म्हणजे आपली नदी. दुसरा ऊतींचा, म्हणजे शेतं. औषध कायमचं बाहेर जातं, ते मुख्यतः नदीच्या कप्प्यातून, असं मॉडेल धरून चालतं.

या मॉडेलमध्ये दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे.

पहिला, व्याप्ती : औषध जणू किती लिटर द्रवात पसरलं आहे. निव्होलुमॅबसाठी हा आकडा सुमारे ६.८ लिटर आहे.

दुसरा, क्लिअरन्स : दररोज किती लिटर द्रव औषधमुक्त होतो. निव्होलुमॅबसाठी तो सुमारे ०.२ लिटर आहे. म्हणजे दिवसाला फक्त एक कपभर. तुलनेसाठी, आपली मूत्रपिंडं रोज सुमारे १८० लिटर द्रव गाळतात.

या दोन आकड्यांवरून हाफ लाइफ, म्हणजे औषध अर्धं व्हायला लागणारा काळ काढता येतो. सूत्र असं : ०.६९३ गुणिले व्याप्ती, भागिले क्लिअरन्स. इथे ०.६९३ × ६.८ ÷ ०.२ = सुमारे २४ दिवस. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकात सुमारे २५ दिवस दिले आहेत. सूत्र इतकं साधं असूनही उत्तर जवळपास तेच येतं.

आता २० मिलिग्रॅमचा हिशोब

औषध नियमित अंतरानं देत राहिलं, की काही महिन्यांनी एक तोल साधतो. जेवढं आत येतं, तेवढंच बाहेर जातं. या स्थितीत रक्तातलं सरासरी प्रमाण काढायचं सूत्र आणखी सोपं आहे : रोजची सरासरी मात्रा भागिले क्लिअरन्स.

नेहमीची मात्रा : २४० मिलिग्रॅम दर १४ दिवसांनी. रोजचे झाले सुमारे १७ मिलिग्रॅम. भागिले ०.२. रक्तात सरासरी दर लिटरला सुमारे ८६ मिलिग्रॅम.

कमी मात्रा : २० मिलिग्रॅम दर २१ दिवसांनी. रोजचा झाला जेमतेम १ मिलिग्रॅम. भागिले ०.२. रक्तात सरासरी दर लिटरला सुमारे ४.८ मिलिग्रॅम.

दोन्हींत १८ पटींचा फरक आहे. सहा आठवड्यांत एकीकडे ७२० मिलिग्रॅम औषध लागतं, दुसरीकडे ४० मिलिग्रॅम. मग १८ पट कमी औषध पुरतं कसं?

खुर्च्या भरल्या की जादा तिकिटं कशाला?

निव्होलुमॅब कॅन्सरच्या पेशीला थेट मारत नाही. आपल्या रोगप्रतिकारक टी-पेशींवर पीडी-१ नावाचा एक ब्रेक असतो. कॅन्सर हा ब्रेक दाबून टी-पेशींना थंड करतो. निव्होलुमॅब पीडी-१ वर जाऊन बसतं, म्हणजे कॅन्सरला ब्रेक दाबता येत नाही.

म्हणून खरा प्रश्न रक्तात किती औषध आहे हा नसून किती ब्रेकवर औषध बसलं आहे हा आहे. नाट्यगृहात ५०० खुर्च्या असतील तर ५००० तिकिटं विकून प्रेक्षक वाढत नाहीत. बाकीचे बाहेरच उभे राहतात.

निव्होलुमॅबच्या सुरुवातीच्या मानवी चाचणीत हेच दिसलं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात शरीराच्या दर किलो वजनामागे ०.३ पासून १० मिलिग्रॅमपर्यंत मात्रा दिल्या होत्या. मात्रा कुठलीही असो, रक्तातल्या टी-पेशींवरचे सरासरी ७० टक्क्यांहून जास्त पीडी-१ रिसेप्टर दोन महिने किंवा त्याहून अधिक काळ व्यापलेले राहिले.

आता आपला हिशोब जोडा. ६० किलोच्या माणसाला किलोमागे ०.३ म्हणजे १८ मिलिग्रॅम. टाटाच्या फाइलमधल्या २० मिलिग्रॅमच्या हे अगदी जवळ आहे.

पण गणित बरोबर आलं म्हणून पेशंट बरा होतो का?

नाही. मॉडेल फक्त 'असं होऊ शकतं' एवढं सांगतं. प्रत्यक्षात होतं का, हे चाचणीतच कळतं. रक्तातल्या पेशींवर औषध बसलं म्हणजे गाठीच्या आतल्या पेशींवरही तेवढंच बसलं, असं गृहीत धरता येत नाही.

टाटा मेमोरियलमध्ये ही चाचणी झाली. डॉ. विजय पाटील, डॉ. वनिता नोरोन्हा, डॉ. कुमार प्रभाष आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०२२ मध्ये 'जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कोलॉजी'त आला. डोक्या-मानेचा, पुढच्या टप्प्यातला कॅन्सर असलेले १५१ रुग्ण त्यात होते. एका गटाला तोंडानं घ्यायच्या तीन औषधांचा कमी खर्चाचा उपचार दिला. दुसऱ्या गटाला त्याच उपचारासोबत दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम निव्होलुमॅब दिलं.

एका वर्षानंतर पहिल्या गटातले १६.३ टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्या गटातले ४३.४ टक्के. जगण्याचा मध्यक कालावधी ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. आणि गंभीर दुष्परिणाम वाढल्याचं दिसलं नाही.

हा अभ्यास का करावा लागला, हेही संशोधकांनी लिहिलं आहे. या आजारावरचे मान्यताप्राप्त महागडे उपचार कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत फक्त १ ते ३ टक्के रुग्णांच्या आवाक्यात आहेत. तंबाखू, मावा, गुटखा यांनी पोखरलेल्या आपल्या भागात या आकड्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

एक गोष्ट मात्र स्पष्ट हवी. या चाचणीत २० मिलिग्रॅमची तुलना २४० मिलिग्रॅमशी केलेली नाही. कमी मात्रा पूर्ण मात्रेइतकीच चांगली, असं ही चाचणी सिद्ध करत नाही. औषध अजिबात न मिळण्यापेक्षा कमी मात्रा बरीच चांगली, हे ती सिद्ध करते. फॅमिली ग्रुपवर फॉरवर्ड करताना हा फरक पुसला जाऊ नये.

सगळ्या अँटीबॉडींना हेच सूत्र लागू पडतं?

नाही. काही अँटीबॉडी आपल्या लक्ष्याला चिकटतात आणि लक्ष्यासकट पेशीच्या आत ओढल्या जाऊन संपतात. म्हणजे लक्ष्यच औषध खातं.

नवरात्रातली अंबाबाईची दर्शनरांग आठवा. गाभाऱ्यासमोरून तासाला ठरावीक भाविकच पुढे सरकतात. गर्दी कमी असेल तर आलेला माणूस लगेच दर्शन घेऊन बाहेर पडतो. गर्दी वाढली की रांग तुंबते. औषधाचंही तसंच : मात्रा कमी असेल तर लक्ष्य ते भराभर संपवतं आणि हाफ लाइफ छोटं होतं. मात्रा वाढवली की लक्ष्य तृप्त होतं आणि औषध रेंगाळतं.

या प्रकाराला लक्ष्यामुळे होणारा निचरा म्हणता येईल. अमेरिकी शास्त्रज्ञ गेऱ्हार्ड लेव्ही यांनी १९९४ मध्ये त्याला नाव दिलं. २००१ मध्ये मेगर आणि जस्को यांनी त्याचं सर्वसाधारण गणिती मॉडेल मांडलं. अशा औषधात मात्रा निम्मी केली तर रक्तातलं प्रमाण निम्म्याहूनही खाली घसरू शकतं. म्हणून 'निव्होलुमॅबला चाललं म्हणजे आमच्या औषधालाही चालेल' हा तर्क धोक्याचा आहे.

शेपूट कापलं तर? सर्पदंशाचं उदाहरण

भारतातल्या सर्पदंशाच्या औषधात अख्खी अँटीबॉडी नसते. घोड्याच्या अँटीबॉडीचं शेपूट एन्झाइमनं कापून फक्त विष पकडणारे हात ठेवतात. शेपूटच नाही, म्हणजे एफसीआरएन पकडणार कशाला? त्यामुळे हे औषध आठवड्यांऐवजी दिवसांत निघून जातं.

श्रीलंकेत घोणस चावलेल्या रुग्णांना भारतीय बनावटीचं प्रतिविष देऊन त्याचं मॉडेल बांधलं गेलं. सुरुवातीला साधारण साडेचार तासांत आणि नंतर साधारण सहा दिवसांत प्रमाण अर्धं होतं, असा दोन टप्प्यांचा आलेख मिळाला. पुन्हा तीच नदी आणि शेतं.

यात एक धोकाही दडलेला आहे. दंशाच्या जागी साठलेलं विष नंतरही हळूहळू रक्तात येत राहतं. प्रतिविष उतरत असताना विष येत राहिलं, तर रक्त पुन्हा गोठेनासं होऊ शकतं. म्हणूनच पेशंट बरा दिसला तरी डॉक्टर त्याला लगेच सोडत नाहीत आणि रक्त गोठतं का हे पुन्हा पुन्हा तपासतात. "आता बरं वाटतंय, घरी नेतो" म्हणत शेतातल्या कामासाठी पेशंट हलवू नये, याचं कारण हे आहे.

उलटी युक्तीही आहे. शेपटात छोटे बदल करून एफसीआरएनची पकड घट्ट केली, तर अँटीबॉडी जास्त काळ टिकते. बाळांना आरएसव्ही विषाणूपासून वाचवणाऱ्या निरसेव्हिमॅबमध्ये असंच केलं आहे. त्याचं हाफ लाइफ सुमारे ७० दिवस आहे, त्यामुळे एका इंजेक्शनवर पूर्ण हंगाम निघतो.

प्रत्येकाची नदी वेगळी

एकच क्लिअरन्स सगळ्यांना लागू होत नाही. वजन, रक्तातलं अल्ब्युमिन, आजाराची तीव्रता यांनी तो बदलतो. काही आजारांत मूत्रपिंडाची चाळणी फाटते आणि अँटीबॉडी लघवीतून जाऊ लागते. कधी शरीर औषधाविरुद्धच अँटीबॉडी तयार करतं.

हे फरक मोजण्यासाठी अनेक रुग्णांचे थोडे थोडे रक्तनमुने घेऊन सगळ्यांचं एकत्र मॉडेल बांधतात. कॅलिफोर्निया विद्यापीठात लुईस शाइनर आणि स्टुअर्ट बील यांनी या पद्धतीचा पाया घातला.

यात एक सापळाही सापडला. ज्यांच्या रक्तात निव्होलुमॅबसारखं औषध कमी दिसतं, त्यांची तब्येत अनेकदा जास्त खालावलेली असते. मग मात्रा वाढवावी का? पण कॅन्सरनं खंगलेलं शरीर सगळीच प्रथिनं वेगानं मोडतं, त्यात अँटीबॉडीही मोडली जाते. औषध कमी पडलं म्हणून पेशंट खालावला नाही, पेशंट खालावला म्हणून औषध कमी झालं, असं असू शकतं. उपचार सुरू राहिल्यावर निव्होलुमॅबचा क्लिअरन्स सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास कमी होतो, हेही याच्याशी जुळतं.

गणितामुळे फेऱ्याही वाचतात

पेम्ब्रोलिझुमॅब हे याच गटातलं दुसरं औषध. ते दर तीन आठवड्यांनी २०० मिलिग्रॅम देत. दर सहा आठवड्यांनी ४०० दिलं तर चालेल का, याचं उत्तर आधी मॉडेलनं दिलं. अमेरिकेच्या औषध नियामकानं एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या ऐन धामधुमीत, प्रामुख्यानं या मॉडेलिंगच्या आधारावर ते वेळापत्रक मंजूर केलं.

औषध तेवढंच, पण दवाखान्याच्या फेऱ्या निम्म्या. मुंबई-पुण्याला जाणाऱ्यासाठी याचा अर्थ प्रवासाचा खर्च, खोलीचं भाडं आणि सोबत येणाऱ्याची बुडालेली मजुरी, सगळंच निम्मं.

तुमच्या कामाचं काय?

पहिलं, कमी मात्रा म्हणजे फसवणूक नव्हे. पण ती कुठल्या औषधाला, कुठल्या आजारात आणि कुठल्या पुराव्यावर, हे डॉक्टरांना जरूर विचारा. "माझ्या आजारासाठी या मात्रेची चाचणी झाली आहे का?" हा प्रश्न विचारणं तुमचा हक्क आहे.

दुसरं, स्वतःहून मात्रा किंवा अंतर बदलू नका. तारीख चुकली तर लगेच कळवा, म्हणजे पुढचा हिशोब डॉक्टर करतील.

तिसरं, २५ दिवसांचं हाफ लाइफ असलेलं औषध जवळपास पूर्ण जायला पाच हाफ लाइफ, म्हणजे चार महिने लागतात. दुष्परिणाम त्यानंतरही उद्भवू शकतात. त्यामुळे उपचार थांबल्यावर काही महिन्यांनी जुलाब, धाप किंवा कावीळ झाली आणि गावातल्या डॉक्टरांकडे गेलात, तर हे औषध घेतलं होतं हे पहिल्यांदा सांगा. फाइल जवळ ठेवा.

पुराच्या दिवसांत राजाराम बंधाऱ्यावरचा आकडा उतरला, तरी जाणती माणसं लगेच सामान खाली आणत नाहीत. शेतातलं पाणी अजून यायचं असतं, हे त्यांना माहीत असतं. अँटीबॉडी औषध घेतलेल्या पेशंटच्या घरच्यांनीही तेवढंच लक्षात ठेवायचं.